वटवाघूळ घरात शिरलं तर झाडू नको, आधी पंखा बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरात साप निघाला तर काय करायचं हे आपल्या पेपरात अधूनमधून येत असतं आणि लोक ते वाचतात पण. साप दिसला की लांब राहायचं, मारायचा नाही आणि जाणकाराला बोलवायचं एवढं तरी आता बहुतेकांना माहीत झालंय. वटवाघळाबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही, त्यामुळे ते रात्री खिडकीतून आत आलं की जो तो मनाला येईल ते करतो. म्हणून हे पत्र लिहितेय, जमलं तर छापा.

वटवाघूळ आलं की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष झाडू नाहीतर रॅकेट घेऊन मागे धावतो, दुसरा पक्ष ते दमून खाली पडलं की अरेरे बिचारं म्हणत हातात उचलून घेतो. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही चूक आहे आणि दुसरं तर जास्तच, कारण झाडूने जीव गेला तर त्या प्राण्याचा जाणार पण उघड्या हाताने उचललं तर प्रसंग आपल्यावर येऊ शकतो.

मुळात ते आपल्यावर हल्ला करायला येतच नाही हो. दिव्यापाशी किडे जमतात, त्यांच्या मागे ते येतं, किंवा नुकतं उडायला शिकलेलं पिल्लू असतं आणि वाट चुकतं. मग ते खोलीत गोल गोल फिरायला लागतं आणि मधे आलं की खाली झुकतं, भिंतीपाशी गेलं की परत वर जातं. आपण नेमके खोलीच्या मधोमध उभे असतो म्हणून आपल्याला वाटतं की डोक्यावरच धावून आलं. खरं कारण एवढंच की छोट्या खोलीत वळण घेताना त्याचा वेग कमी होतो, मग वेग परत मिळवायला ते खाली झेप घेतं. भिंतीला पाठ लावून उभं राहा, ते तुमच्या जवळ पण येणार नाही. आणि केसात अडकतं वगैरे जे लहानपणापासून ऐकलंय ते डोक्यातून काढून टाका. वटवाघूळ आंधळं नसतं, शिवाय ते स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतं. तो आवाज आपल्या कानाच्या पलीकडचा, आपल्याला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि बऱ्याच छोट्या वटवाघळांचा आवाज 40 च्याही वर असतो. स्पालान्झानी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 1790 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की डोळे नसले तरी वटवाघूळ अडथळे चुकवतं, ते कशाच्या जोरावर हे मात्र 1938 नंतर डोनाल्ड ग्रिफिन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांमधून कळलं. अंधारात बारीक तार चुकवणारा प्राणी तुमच्या डोक्याला कशाला धडकेल?

तर करायचं काय. सगळ्यात आधी छताचा पंखा बंद, बाकी सगळं नंतर. घाबरलेलं वटवाघूळ खोलीभर फिरत असताना पंखा चालू राहिला तर पातं लागून पंख मोडतो आणि मग ते जखमी होऊन सोफ्याखाली नाहीतर कपाटामागे जाऊन पडतं, तिथून ते काढायचं म्हणजे चावा घ्यायला आमंत्रणच. मग मुलं आणि कुत्रा मांजर बाहेर, आतल्या खोल्यांची दारं बंद, बाहेरच्या बाजूची खिडकी असेल तेवढी सताड उघडायची, जाळी पण काढायची, पडदे बाजूला करायचे, खोलीतले दिवे घालवायचे आणि गप्प बसायचं. आरडाओरडा अजिबात नको. बहुतेक वेळा ते थोड्या वेळात आपलं आपण निघून जातं, फक्त तेवढा धीर पाहिजे आणि तोच आपल्याकडे नसतो.

कधी कधी ते दमून पडद्यावर जाऊन बसतं. एकदा टॉर्चच्या उजेडात लांबून बघा, अंगठ्याएवढं अंग, पंख घडी करून मिटलेले, पंखाच्या सांध्यावरच्या आकडीसारख्या नखाने कापड पकडलेलं आणि कान सारखे इकडून तिकडे हलतायत. पाठ बघितली तर श्वास एवढा जोरात चाललेला असतो की भीती कोणाला वाटतेय ते लगेच कळतं. पिपिस्ट्रेलसारख्या छोट्या जातीचं वजन 5 ग्रॅमच्या आसपास असतं! तोंड उघडून दात दाखवतंय असं वाटतं, तेव्हा ते बऱ्याचदा आवाज काढत असतं, पण धरायला गेलात तर चावणारच, कोणताही जंगली प्राणी चावेल.

अशा बसलेल्याला पकडायचं तर हातात जाड चामड्याचे मोजे पाहिजेत. डबा नाहीतर खोलगट भांडं हळूच त्याच्यावर पालथं घालायचं आणि मागून जाड पुठ्ठा सरकवायचा. बाहेर नेल्यावर जमिनीवर ठेवू नका आणि हवेत तर मुळीच भिरकावू नका. बऱ्याच वटवाघळांना जमिनीवरून उडणं अवघड जातं, ती उंचावरून खाली झेप घेऊन उडतात, म्हणून डबा आडवा करून झाडाच्या खोडाला नाहीतर खडबडीत भिंतीला उंचावर टेकवायचा म्हणजे ते चढून जातं. दिवसा सापडलं तर डब्याला बारीक भोकं पाडा, आत मऊ कापड आणि उथळ झाकणात थोडं पाणी ठेवा आणि अंधार पडला की सोडा. पंख फाटलेला असेल तर वन विभाग नाहीतर प्राण्यांसाठी काम करणारी संस्था, घरगुती उपचार नकोत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेबीज म्हटलं की आपल्याला फक्त कुत्रा आठवतो, आणि जगात बहुतांश माणसांना तो कुत्र्यामुळेच होतो हे खरं, पण अमेरिका खंडात वटवाघळांमुळे माणसांना रेबीज झाल्याच्या नोंदी आहेत आणि युरोप, ऑस्ट्रेलियातल्या वटवाघळांमधे रेबीजच्याच कुळातले विषाणू सापडलेत. बहुतेक वटवाघळं निरोगी असतात हे पण तितकंच खरं, म्हणून त्यांना मारत सुटायचं काहीच कारण नाही. पण त्यांचे दात इतके बारीक असतात की चावलेलं दिसत सुद्धा नाही, रक्त नाही म्हणजे काही नाही असं समजून लोक सोडून देतात. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ वाचतच नाही, त्याच्या आधी लस घेतली तर वाचतो, एवढा सरळ हिशोब आहे. म्हणून चावलं, ओरखडलं किंवा लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची, डोळा किंवा तोंड नुसत्या वाहत्या पाण्याने धुवायचं आणि ताबडतोब डॉक्टरकडे जायचं. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाचा असा संपर्क थेट तिसऱ्या म्हणजे सर्वात गंभीर गटात धरते, त्यात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं, पण देतात. पोटातल्या इंजेक्शनांची भीती घालून कोणी अडवत असेल तर ऐकू नका, ते जुनं झालं, आता दंडात देतात.

लहान मूल किंवा गाढ झोपलेलं माणूस असलेल्या खोलीत सकाळी वटवाघूळ दिसलं तर चावलं नाही असं गृहीत धरू नका, मुलाला सांगता येत नाही आणि झोपलेल्याला कळलेलं नसतं. अशा वेळी ते सोडायची घाई न करता डब्यात बंद ठेवून आधी डॉक्टरांना विचारा. वटवाघळाला रेबीज होता का याच्या तपासणीची सोय जिथे आहे तिथे ती त्याच्या मेंदूवरून करतात, झाडूने डोकं ठेचलं की तो पण मार्ग बंद.

परत परत येत असतील तर छपराच्या फटी बुजवा, पण पिल्लांच्या दिवसात नाही. बहुतेक मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, आई बाहेर आणि पिल्लू आत अशी कोंडी झाली तर ते आत तडफडून मरतं.

संपादक साहेब, आपल्याला एकच विनंती, यातल्या पंखा, खिडकी, मोजे आणि लस एवढ्या चार गोष्टी चौकटीत छापा आणि रात्रीच्या वेळी रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन कुठल्या दवाखान्यांमधे मिळतं त्याची खात्री करून घेतलेली यादी सोबत द्या.

आपली,
एक नियमित वाचक