अडलेले शब्द

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

कादंबरीत अडलेल्या शब्दांखाली रेघा मारतेस, हे फार चांगलं. पण एका पानावर नऊ रेघा म्हणजे गोष्टही सुटणार आणि शब्दही. एका प्रकरणातले पाच-सहाच निवड. ज्याच्यामुळे पात्राचं वागणं कळत नाही किंवा जो दुसऱ्यांदा भेटला, तो शब्द घ्यायचा. एकदाच आलेलं एखाद्या जुन्या अवजाराचं नाव खुशाल सोड. वाचताना कोश उघडू नकोस. समासात टिंब कर, प्रकरण संपव, मग मागे ये.

आधी मागचं-पुढचं वाक्य वाचून अंदाज लिही. मग शब्द फोडून बघ. 'परोक्ष'मध्ये 'अक्ष' म्हणजे डोळा आहे. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, तर 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांसमोर. 'माझ्या अपरोक्ष' हे 'माझ्यामागे' या अर्थाने सर्रास बोललं जातं. फोड माहीत असली की चूक लगेच खटकते. पण फोड दर वेळी साथ देत नाही. 'निर्विकार'मधला 'निर्' अभाव दाखवतो, 'आनंदनिर्भर'मधला नाही. तो शब्द आनंदाने भरलेल्या माणसाचा. म्हणून अंदाज कितीही पटला तरी कोश बघायचाच.

कोशात 'ओशाळून' मिळणार नाही, 'ओशाळणे' मिळेल. 'क्ष' आणि 'ज्ञ' काही कोशांत अगदी शेवटी असतात, काहींत 'क' आणि 'ज'च्या जोडाक्षरांत. अर्थ अनेक असले तर पहिलाच उचलू नकोस, एकेक त्या वाक्यात ठेवून वाच.

मग चिठ्ठी कर. पुढे कादंबरीतलं वाक्य, शब्दाच्या जागी त्याचं पहिलं अक्षर आणि रेघ. मागे शब्द, तुझ्या भाषेत अर्थ आणि तुझं स्वतःचं एक वाक्य. नुसता शब्द बघितला की तो ओळखीचा वाटतो आणि येतो असा समज होतो. लिहिताना मात्र आठवत नाही. म्हणून वाक्यावरून शब्द आठवायचा, आणि दहा सेकंद प्रयत्न केल्याशिवाय चिठ्ठी उलटायची नाही.

'ओशाळणे', 'वरमणे', 'खजील होणे' हे एकाच दिवशी घेऊ नकोस. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र पाठ केले की एकमेकांत मिसळतात. एक पक्का होऊ दे, दुसरा आठवड्याने.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेल्यातली सर्वांत मोठी गळती पहिल्याच दिवसात होते. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. मग चौथ्या, आठव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी, दर वेळी दहा मिनिटं. चुकलेली चिठ्ठी पुन्हा पहिल्या दिवसावर.

एखादी चार वेळा चुकली तर फाडून नवी लिही. बहुधा वाक्यच कच्चं असतं. 'तो खिन्न होता' यात खिन्नच्या जागी आनंदी, उंच, काहीही बसतं. 'सामना हरल्यावर तो खिन्न होऊन कोपऱ्यात बसला' यात बसत नाही.

तुझी,
आई