दिवाडीहून आल्यावर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला घेतलं की आई "बरं ठेव, तुमची जेवणं व्हायची असतील" म्हणते आणि मुख्य गोष्ट राहून जाते. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

आम्ही पणजीत घर घेतोय. मंगळवारी बयाणा दिला. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, ते आठ दिवस झाले मनाला लागून राहिलंय. पण विचारलं असतं तर तुम्ही "तुमचं सुख ते आमचं सुख" म्हणाला असतात, आणि त्या आवाजावर माझं सगळं ठरलेलं मोडून पडलं असतं. तीन वर्षांनी पुण्याला परत येते असं मी म्हणाले होते, विसरलेले नाही. थोरल्याची शाळा इथे छान रुळली, त्याची सर्दी-खोकल्याची औषधं गेल्या पावसाळ्यापासून बंद आहेत, ह्यांचं ऑफिस दहा मिनिटांवर आहे. भाड्यात जातात त्यात थोडे घातले की हप्ता भागतो. काकांच्या वेळेस झालं तसं काही होणार नाही, कागद वकिलांना दाखवून घेतलेत. आणि घर तळमजल्यावर आहे. वरचे मजले स्वस्त पडत होते, तरी मी तळमजल्यावर अडून बसले. कुणासाठी ते तुम्हाला कळेल.

खरं सांगायचंय ते रविवारचं. मुलांना घेऊन आम्ही दिवाडी बेटावर गेलो.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणायचात, आपला देव मूळचा बेटावरचा, पण ते बेट आपल्यापैकी कुणी पाहिलं नाही. रायबंदरहून फेरीबोट सुटते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. आम्ही गाडीच चढवली. फेरीचा पुढचा लोखंडी पत्रा धाडकन धक्क्यावर पडतो, त्या आवाजाने धाकटी माझ्या पोटाशी चिकटली, आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे पोचल्यावर "पुन्हा, पुन्हा" करायला लागली. पलीकडे गाडी कडेला लावून आम्ही चालत निघालो. रस्ता एकदम सपाट, दोन्ही बाजूंना कांदळ आणि पाण्यात उभी शेतं. सकाळची वेळ, वाहन क्वचितच. थोरल्याने खंड्या मोजले, अकरा झाले. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. धाकटी उकिडवी बसून अर्धा तास बघत राहिली, तिला उठवणं जिवावर आलं.

तुम्ही तिथे हवे होतात, बाबा. ती शेतं खाजनाची आहेत, म्हणजे मांडवीचं खारं पाणी बांध घालून अडवलेलं. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरती आली की पाण्याच्याच रेट्याने दार लागतं, ओहोटीला आपोआप उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. ना वीज, ना मोटर. पाटबंधाऱ्यात सगळी नोकरी काढलेल्या माणसाने ते बघायलाच हवं. थोरल्याने विचारलं, "हे आजोबांनी बांधलं का?" मी म्हटलं, "नाही रे, पण आजोबांना नीट समजावता येईल." मला अर्धवटच सांगता आलं.

नंतर धाकटी थकली आणि रस्त्यातच बसली. पर्वतीच्या पायऱ्यांवर मी बसायचे ना, फ्रॉक पसरून, तशी. आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "त्या झाडापर्यंतच चालू या, मग बघू." ती उठली. झाडापाशी पोचल्यावर मी पुढचं झाड दाखवलं. तेव्हा तुम्ही मला असं किती झाडं फसवलं असेल, ते मनात येऊन मला एकदम तुमचं बोट धरावंसं वाटलं. मी चाळिशीची झाले, तरीही.

बेटावरच्या पिएदाद गावात एका घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, एक म्हातारी बाई बसल्या होत्या. मुलांना बघून म्हणाल्या, "उदक जाय गो?" म्हणजे पाणी हवं का. आत जाऊन तांब्याभर पाणी आणि मुलांच्या हातात एकेक केळं दिलं. आई, अगदी तुझ्यासारखं, विचारायच्या आधीच द्यायचं.

मग गाडीने नार्व्याला गेलो. बेटावरच्या नार्व्यात कदंब राजांचं सप्तकोटीश्वराचं देऊळ होतं. पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपार डिचोलीतल्या नार्व्यात नेला, ते तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितलंत. बेटावर आता कोटीतीर्थाची तळी आहे. पायऱ्या उतरून मी पाण्याला हात लावला आणि तो आईच्या सवयीने डोळ्यांना लावला. मुलांना मी काहीच सांगितलं नाही. ती आपोआप गप्प झाली होती.

पुन्हा फेरी धरून पलीकडे देवाला गेलो. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार सुरू करवला. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आहे. थोरल्याने बोट फिरवून आकडा वाचला. तुमच्या नावाने अभिषेक केला, प्रसाद पिशवीत ठेवलाय, घेऊन येते.

आता नीट ऐका. गाडी फेरीवर चढते, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याला चढ-उतार जवळजवळ नाही. देवळापाशी थोड्या पायऱ्या आहेत, तिथे मी हात धरेन आणि तुम्ही नको म्हणायचं नाही. दिवाडीवर चालायला दोनशे पावलं पुरेत, बाकी गाडीतून. पाणी घरूनच नेऊ, बाबांच्या साखरेसाठी डबा वेळेवर. नव्या घरात कमोड आणि धरायला दांडा आधीच लावून घेणार आहे. तुमची खोली पूर्वेला, खिडकीबाहेर सोनचाफा आहे, तो मालकांनी ठेवलाय. मराठी पेपर सकाळी दारात येतो. आईला पोळीची कणीक हवी तशी मिळते, मी चार दुकानं बघून ठेवली आहेत. जात्यावरचं पीठ एका बाईंकडे मिळतं.

पुण्याचं घर विकायचं नाही. ते तसंच राहील, किल्ली शेजारच्या काकूंकडे. एवढ्यासाठी तरी मनात काही आणू नका. तुम्हाला तिथून हलवण्याचा हा डाव नाही, बाबा. तिसऱ्या मजल्यावरून तुम्ही आता किती वेळा उतरता हे मला कळत नाही असं समजू नका, पण त्यावर आज बोलत नाही.

एक महिनाच या. आरक्षण मी करते, खालच्या बर्थची दोन्ही. मडगावला मी गाडी घेऊन उभी असेन. रात्रीच्या बसने यायचं नाही, हे मागच्या वेळचं आठवून सांगतेय. एक महिना, मग बघू.

तुमची,
माऊ

ता. क. आई, माळ्यावरची पितळी भांडी उतरवायला स्टुलावर चढायचं नाही. मी आल्यावर काढीन. आणि बाबांची रात्रीची गोळी अर्धी आहे, पूर्ण नाही. पुडीवर लाल पेनाने लिहून ठेव.