हातमोज्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. बोटाचा फोटो बघितला. टोक पांढरंफटक आणि खाली तू लिहितेस "डोन्ट वरी बाबा, परत लाल झालं". मावशीला दाखवला नाही, उगाच रात्रभर जागली असती. मी जागलोच.

हातमोज्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून आधी कॅमेऱ्याचं. एफएम२ मेकॅनिकल आहे, सेल उतरला तर फक्त मीटर जाईल, शटर चालेल, तरी जादा सेल आतल्या खिशात ठेव. उणे तीसमध्ये फिल्म कडक होते, लिव्हर झटक्यात ओढलीस तर तुटते, नाहीतर स्टॅटिकने प्रिंटवर पांढऱ्या रेघा येतात, हळू ओढ. घरात शिरायच्या आधी बाहेरच कॅमेरा झिपलॉकमध्ये बंद कर आणि आत गेल्यावर तासभर उघडू नकोस, नाहीतर लेन्सवर सगळं दव. आणि रोल बदलताना तू दोन्ही हात उघडे टाकतेस ते बंद कर, आत पातळ मोजे राहू देत, वरचे जाड तेवढे काढ. बघ, आलंच.

महाबळेश्वरच्या पलीकडची थंडी न बघितलेला माणूस नॉर्वेच्या उत्तर टोकाला काउटोकेइनोत बसलेल्या मुलीला शिकवतोय, हस तू. पण शेजारच्या कारास्योकला १ जानेवारी १८८६ ला उणे ५१.४ नोंदलंय, मी वाचलंय.

त्या रेनडिअरच्या पायाच्या कातड्याचे बूट शिवणाऱ्या आजींचं मात्र डोक्यातून जात नाही. मोज्यांऐवजी आत वाळलेलं गवत भरतात म्हणे, आणि उघड्या बोटांनी शिवतात. (त्या चुलीजवळ बसून शिवतात, तू बर्फात उभी असतेस, हा फरक लक्षात घे.) रेनडिअरच्या कानावर कापलेली खूण त्यांची स्वतःची, त्या खुणेचे रेनडिअर लहानपणापासून त्यांचे, आणि रेनडिअर पाळण्याच्या १९७८ च्या कायद्यानंतर कागदावर कळप बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर, हे तू सांगितलंस तेव्हा मला आपली आजीच दिसली. बायकोच्या नावावर जमीन करा म्हणणाऱ्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची सभा ऐकून आल्यावर दादांनी विहिरीजवळचा तुकडा तिच्या नावावर केला. तिला वाचता येत नव्हतं, पण तो सातबारा तिने तांदळाच्या डब्यात ठेवला होता आणि दादांनासुद्धा हात लावू द्यायची नाही. असं काही त्या आजींकडेही असेल, डब्यात, ट्रंकेत. विचार. फक्त रेनडिअर किती ते विचारू नकोस, बँक बॅलन्स विचारल्यासारखं होतं, हे तूच मला सांगितलंयस, मी तुलाच शिकवतोय. सॉरी.

तो ट्रोमहोल्ट मी शोधून बघितला. १८८२ साली तुझ्या गावी ऑरोराचा, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या त्या रंगीत प्रकाशाचा, अभ्यास करायला गेला, ऑरोरा काही प्लेटवर उतरेना, तेव्हा माणसांचे फोटो काढले आणि कोण कोण ते नावानिशी लिहून ठेवलं. मला त्या नावांचं फार वाटलं. आपल्या स्टुडिओत पसंतीच्या फोटोला मुली यायच्या, आई निऱ्या नीट करायची, हात कुंडीवर, मान थोडी डावीकडे, आणि पाकिटावर बिल नंबर. नाव मुलाकडच्यांना कळलं म्हणजे झालं. त्यातली एकही कामात असताना मी टिपली नाही, गिऱ्हाइकाला ते नकोच असायचं. तू टिपतेस. तुझ्या त्या कातडं ताणणाऱ्या बाईचा फोटो मी काउंटरवर लावलाय, येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, समोरचा पेपरवाला कंटाळला आता.

एकटी गाडी घेऊन आल्टाला जाऊ नकोस. कुणीतरी बरोबर घे. रस्त्यात बंद पडली तर त्या बोटांनी काय करणार आहेस तू? झालं, गप्प बसतो.

कॉन्टॅक्ट शीट पूर्ण पाठव, निवडलेल्या चार फ्रेम नकोत, फसलेल्या पण बघायच्यात. फोन रविवारी कर, शनिवारी वंदूकडे बारसं आहे.

बाबा