रस्त्याचं काढायचं नाही, असं ठरवून

१४ सप्टेंबर २०२५

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपती गेले, चाकरमानी गेले, घर पुन्हा ओकंबोकं झालंय. गेल्या रविवारी मी फोन मध्येच ठेवला, त्याला आज आठवडा झाला. आई रोज म्हणते, फोन करा. पण फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढला तर खोडता येतो, म्हणून लिहायला बसलोय. रस्त्याचं काही काढायचं नाही, असं ठरवून बसलोय.

आधी बरं ते. तिकडे स्कॉटलंडात, तुमच्या नॉयडार्टात, गावच्या संस्थेचं घर तुम्हाला मिळालं, चांगलं झालं. ते वरच्या बाजूचं, पत्र्याच्या शेडपाठचं का? तसं असेल तर मागच्या भिंतीला ओल येणार. डोंगराचं पाणी थेट तिथे उतरतं, मी गेल्या जूनमध्येच पाहिलं होतं. पायथ्याला दीड फूट चर मारून घ्या आणि त्यात खडी भरा. जावईबापूंना म्हणावं, झाडं लावायची घाई नको, आधी चर.

आता तू म्हणालीस ते. "बाबा, तुम्ही वाडीत रस्ता नेलात, आणि त्याच रस्त्याने वाडी निघून गेली." मी फोन ठेवला तो यावर. तू खोटं बोलली असतीस तर मी वाद घातला असता. १९९६ ला रस्ता झाला. त्या फायलीपाठी मी किती वर्षं घालवली, ते तुझ्या आईला विचार. सर्व्हेला मी स्वतः साखळी धरून चाललोय, सातही मोऱ्यांची जागा मी दाखवलीय. पहिली एसटी आली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, ड्रायव्हरच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवलास. आणि आज चाळीस उंबऱ्यांतल्या बारा घरांत चूल पेटते. बाकीची कुलपं गणपतीत आणि शिमग्याला निघतात. तेव्हा तुझं खरंच आहे. पण बापाला ते असं तोंडावर ऐकायची सवय नसते, एवढं समजून घे.

आणि तू जिथे जाऊन राहिलीस, तिथे रस्ताच नाही! म्हणजे गावातल्या गावात आहे, सहा-सात मैलांचा. पण तो बाहेर कुठे जात नाही. मॅलेग बंदरातून बोटीने या, नाहीतर दोन दिवस डोंगर तुडवत या. मी चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, आणि माझ्या मुलीचं गाव नकाशावरच्या एकाही रस्त्याला जोडलेलं नाही. हे मी कोणाला सांगू?

बघ, काढलंच मी.

सांगतो मात्र सगळ्यांना. देवळाच्या पारावर मास्तर रोज विचारतात, लेकीच्या नॉयडार्टात काय नवीन. मी त्यांना पार १८५३ पासून सुरुवात करून सांगितलंय. मालकिणीला मेंढ्यांसाठी रान मोकळं हवं होतं, म्हणून तीनशेहून जास्त माणसं सिलरी नावाच्या जहाजात घालून कॅनडाला पाठवली. जी गेली नाहीत त्यांची घरं पाडली. मग १९४८ ची गोष्ट, ते सात जण. लढाईवरून परत आलेली माणसं, जमीन मागत होती. मालक कोण, तर हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पाहुणा म्हणून जाऊन आलेला लॉर्ड. सात जणांनी सरळ जाऊन खुंट्या ठोकल्या. कोर्टात हरले, चौकशीतही हरले. तुमच्या इन्व्हरी गावात त्यांच्या नावाचा तो दगडांचा चौथरा आहे ना, तिथे मी उभा होतो तेव्हा मला आपले अण्णा आठवत होते. तिकडे १९४८ ला खुंट्या, इकडे १९४९ ला खोती रद्दचा कायदा. मास्तर म्हणाले, म्हणजे तिकडे पण खोतच की हो! मी म्हटलं, खोतच, फक्त गोरे.

१९९९ ला गावाने तीच जमीन विकत घेतली, सतरा हजार एकर, हे सांगितल्यावर मात्र पारावर कोणी बोललं नाही. शंभर-सव्वाशे माणसांचं गाव आणि सतरा हजार एकर. देणग्या गोळा केल्या, बाहेरच्या संस्थांना सोबत घेतलं, पण कारभार गावाच्या हातात. आपल्याकडे सामाईक विहिरीचा गाळ काढायचा तर तीन भावकींच्या तीन तऱ्हा.

तुमच्या हॉलमधली ती सभा मी विसरलेलो नाही. तू म्हणालीस, चला बाबा, कंटाळलात तर झोपा. मी कसला झोपतोय. हरणं किती मारायची आणि कुंपण कुठून घालायचं यावर दीड तास! ती लाल टोपीवाली बाई आणि तो बोटवाला, दोघं एकमेकांवर असे तुटून पडले की मला वाटलं, आता उद्या बोलणं बंद. मग मतं घेतली, बाई हरली, इतिवृत्तात लिहून घेतलं, आणि सगळ्यांनी उठून आपापली खुर्ची दुमडून भिंतीला लावली. दुसऱ्या दिवशी जेटीवर बाईचं सिलिंडर उतरवून देतोय कोण, तर तोच बोटवाला. मी किती ग्रामसभा पाहिल्या असतील! अर्ध्या सह्या तर शिपाई घरोघर फिरून आणायचा. खुर्ची मात्र कोणी दुमडली नाही कधी.

आणि तो पायवाटेचा रविवार. मला फावडं द्यायला सगळे कचरत होते, म्हातारा पाहुणा म्हणून. मी म्हटलं, पाण्याचं मला कळतं. वाटेवर आडवा चर मारायचा तो काटकोनात मारायचा नाही, तिरका मारायचा, म्हणजे गाळ अडकत नाही. मी मारून दाखवला. चिलटांनी फोडून काढलं, त्यांना मिज म्हणा नाहीतर काही म्हणा, ती चिलटंच, पण आपल्याकडची परवडली. तर तो दाढीवाला आजोबा तोंडात पाइप धरून बराच वेळ माझा चर बघत राहिला आणि म्हणाला की चर झकास आहे, फक्त हिवाळ्यात पाणी इथून येत नाही, तिथून येतं. दहा पावलं वर दाखवलं त्याने. मी बिनबोभाट दुसरा चर मारला. हे मी पारावर सांगितलेलं नाही.

वीजही पाहिली. वर तळं, खाली यंत्रघर, मधे पाइप. बाहेरून एक तार येत नाही. जुन्या मालकाच्या काळातलं ते धूड गावाने दुरुस्त करून चालवायला घेतलं, याचं मला फार कौतुक वाटलं. तू त्यांच्या कमिटीत जातेस, रीडिंग घेतेस, हे मी एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितलंय. आणि तो पब! २०२२ ला गावाने शेअर काढून पब विकत घेतला, आणि त्यात एक शेअर कोणाचा, तर माळकरी अण्णांच्या नातीचा. आत्याला मी अजून हेच सांगतो की ते गावचं उपाहारगृह आहे. फिश करी मिळते म्हटल्यावर तिची तक्रार नाही.

हे सगळं लिहिलं, कारण मला तुझं गाव आवडलं नाही असं तुला वाटतंय. तसं नाही. आवडलं. जूनमध्ये आवडलं.

जूनमध्ये रात्री अकरापर्यंत मी अंगणात पेपर वाचत होतो. तुझी बाळंतपणाची तारीख जानेवारीतली आहे. जानेवारीत तिथे चार-साडेचारला काळोख पडतो, आणि वारा सुटला की बोट नाही, हे तूच मला सांगितलंस, अगदी हसत हसत. बोट मिळाली तर अर्धा-पाऊण तास. मॅलेगपासून फोर्ट विल्यम सत्तर किलोमीटर, तिथून मोठ्या इस्पितळाचं इन्व्हरनेस आणखी शंभराच्या वर. मी हे पाडगावकरांच्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडून ठेवलंय, आई ते पान उलटून लावते. तू म्हणालीस, तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर असतं. असतं, माहीत आहे. एक स्टॉर्नोवेला, एक इन्व्हरनेसला. पण धुकं उतरलं तर हेलिकॉप्टर तरी काय करणार? तू प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलंस, रात्रीबेरात्री कोणाकडेही धावून जातेस, याचा अभिमान आहेच. पण धावणारी तूच. तुलाच लागलं तर धावणार कोण?

आणि तू म्हणतेस, "वेळ आली की बघू." बाय, वेळ आली की बघता येत नाही. आधी बघावं लागतं. वेळ आली की फक्त करायचं असतं. शिकली सवरलेली मुलगी तू, तळ्याच्या पाण्याची पातळी रोज वहीत लिहितेस, आणि स्वतःच्या बाबतीत वही नाही? लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? त्या तळ्याचा चढ चढणं आता बंद कर. ओल्या दगडावर पाय सरकायला काय वेळ लागतो. जावईबापूंना मराठी वाचता येत असतं तर त्यांच्यासाठी वेगळा कागद लिहिला असता.

पुन्हा आवाज चढला. खोडणार होतो, पण आई म्हणते राहू दे, तिला कळू दे. माफ कर.

मोठ्या आत्याचं या पत्रात आणायचं नाही, हेही ठरवलं होतं. तुला ठाऊक आहे सगळं, आजीने सांगितलंय. पण आजीने कंदिलाचं सांगितलं नसेल, कारण तिला ते माहीत नव्हतं. १९७१ चा आषाढ. मी अकरा वर्षांचा. बांबूला घोंगडी बांधून डोली केली होती, चौघे खांद्यावर घेऊन चालले होते आणि पुढे कंदील धरून मी. अण्णांनी मला एकच सांगितलं होतं, काचेवर पाणी पडू देऊ नकोस. मी इरलं काचेवर धरलं होतं, स्वतःच्या डोक्यावर नाही. घाटीच्या खालच्या वळणावर पाय घसरला, इरलं हललं, तापलेल्या काचेवर थेंब पडला आणि टिच् असा आवाज झाला. बस, काळोख. चौघे जागच्या जागी उभे राहिले. डोलीतून आत्याचा आवाज आला, "बाबू, लागलं का रे तुला?" माझी चौकशी करत होती ती. तिथून पायाने चाचपडत खाडीवर पोचायला किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. खाडीवरची होडी, आपली तर, बंद होती. खाडीला उधाण, तारी म्हणाला उजाडल्याशिवाय लोटणार नाही, आणि त्याचंही चुकलं नव्हतं. उजाडल्यावर त्याने तर लोटली. तोपर्यंत आत्याला तिची गरज राहिली नव्हती.

मोठेपणी पुष्कळांनी मला विचारलं की बांधकाम खात्यात कसा गेलास. मी सांगायचो, गणित बरं होतं.

त्यामुळे तू म्हणतेस तसं रस्त्याने वाडी निघून गेली असेलही. जाऊ दे. पण त्या रस्त्याने तुझ्या काकीला दोनदा जीपने नेलं आणि दोन्ही वेळा परत आणलं. मला तेवढ्यापुरता तो बास आहे.

मी तुला गाव सोड म्हणत नाही. फोनवर म्हणालो असेन, ते मागे घेतो. तिथे माणसं तुझ्यासाठी धावतील, हे मी पाहिलंय. माझं मागणं एवढंच आहे: डिसेंबरच्या मध्यावर, वारं सुटायच्या आत, दिवसाउजेडी बोटीत बस आणि इन्व्हरनेसला खोली घेऊन राहा. भाडं मी देतो. पेन्शनचं काय करायचंय मला? आई नाताळाच्या आधी निघते आहे, व्हिसाचे कागद दादाने भरलेत. तिला बोटीत उलटी होते, तिलाही इन्व्हरनेसच सोयीचं. बाळ झालं, दोघं ठणठणीत झालात, की खुशाल घेऊन जा तिकडे. मग मीही येईन, आणि तो दुसरा चर चालतोय का बघेन.

अळीव, डिंक, खारीक आईबरोबर देतो. सुंठ तिकडे मिळते म्हणालीस, पण घरचीच दे म्हणते आई. गोडा मसाला या वेळी काकीने केलाय, जरा तिखट झालाय. बोटीचं हिवाळ्याचं वेळापत्रक मला पाठव. फोटो नको, नीट लिहून पाठव, कुठल्या वारी किती वाजता.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांना पोह्यांत लिंबू कमी पडत होतं, हे मी तेव्हा बोललो नाही.

तुझे,
बाबा

ता.क. जेटीवर रात्री दिवा असतो का? मी आलो तेव्हा उजेडच जात नव्हता, त्यामुळे बघायचं राहून गेलं.