घराचे चौरस फूट मोजता, दोन भिंतींमधलं अंतर कोण मोजणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 24 मार्चला, जागतिक क्षयरोग दिनी, पानभर सरकारी जाहिरात येते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, औषध अर्धवट सोडू नका, सकस खा. यातलं काहीच चुकीचं नाही. फक्त सगळा उपदेश रुग्णाला केलेला असतो. तो ज्या इमारतीत राहतो तिचा नकाशा ज्याने मंजूर केला, त्याला उद्देशून त्यात एक ओळही नसते.

मी आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. निवृत्त झाल्यावर ‘निक्षय मित्र’ या सरकारी उपक्रमात क्षयरुग्णांच्या घरी शिधा पोहोचवणाऱ्या मंडळींबरोबर मानखुर्द-गोवंडीकडे जाऊ लागलो. तिथे झोपड्यांतून हलवलेल्या लोकांच्या पुनर्वसन वसाहती आहेत, त्यांतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घराबद्दल सांगतो. भरदुपारी ट्यूबलाइट चालू. खिडकी आहे, पण बंद. उघडली की खालच्या घरगल्लीतल्या, म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळातल्या, कचऱ्याची घाण आणि डास आत, शिवाय समोरच्या घराची खिडकी हाताच्या अंतरावर, म्हणून पडदाही ओढलेला. पंखा आतलीच हवा गरगर फिरवतो. घरात सहा माणसं. जरीकाम करणारा कर्ता मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. आई आम्हाला म्हणाली, “गोळ्या वेळेवर देते हो, पण धाकटीलाही आता खोकला लागलाय.” आम्ही तूरडाळ, शेंगदाणे आणि दुधाची पावडर ठेवून खाली उतरलो. जिन्यात दिवसाढवळ्या मोबाइलचा उजेड लावावा लागला.

क्षयाचे जंतू खोकल्यातून बाहेर पडले की बंद खोलीच्या हवेत तासन् तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात आणि ऊन त्यांना मारतं. हे वैद्यकातलं जुनं ज्ञान आहे. घरांच्या बाबतीत त्याचा पडताळा 2018 मध्ये मुंबईतच मिळाला. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही स्वयंसेवी संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी मानखुर्द-गोवंडीकडच्याच नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी या पुनर्वसन वसाहती तपासल्या. सात मजल्यांपर्यंतच्या इमारती आणि मधे जेमतेम तीन मीटर अंतर, अशा दाट बांधणीत क्षयाचं प्रमाण मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. त्यातही खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन पोहोचतच नाही, तिथे अधिक. तिन्हीकडची माणसं साधारण सारख्याच आर्थिक परिस्थितीतली. मोठा फरक होता तो बांधणीत.

याच शहरात शंभर वर्षांपूर्वी काय नियम होता तेही पाहावं. 1896 मध्ये मांडवीत प्लेग आला, त्या धसक्याने 1898 मध्ये शहराची दाट वस्ती सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. समोरच्या भिंतीच्या पायथ्यापासून त्या कोनात रेषा ओढायची, इमारतीचा कुठलाच भाग तिच्या वर जाता कामा नये. सोप्या हिशेबात, इमारत जितकी उंच त्याच्या निम्मं तरी अंतर समोर मोकळं हवं. दादर-माटुंग्याच्या ट्रस्टच्या वसाहतींत आजही तळमजल्यावर उजेड येतो तो या विचारामुळे. ट्रस्टचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. त्याने गोरगरिबांची जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, आणि मोकळी हवा मिळाली ती मुख्यतः मध्यमवर्गाला. पण कोनमापक तरी हातात होता. हाच हिशेब मानखुर्दला लावला तर वीस मीटर उंचीच्या इमारतींमध्ये दहा मीटर अंतर हवं. आहे तीन.

हे चोरून झालेलं नाही, नियमात बसवून झालं आहे. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या अटींत सवलत मिळते. मुंबईच्या सध्याच्या विकास नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी हेक्टरी 650 सदनिका अशी घनता घातली आहे आणि ती किमान घनता आहे, कमाल नव्हे! एका कोपऱ्यात पुनर्वसनाच्या इमारती खेटून उभ्या केल्या की उरलेल्या जागेवर बिल्डरचा बाजारात विकायच्या फ्लॅटांचा टॉवर उभा राहतो. त्याच्या जाहिरातीत पहिलाच शब्द ‘क्रॉस व्हेंटिलेशन’, म्हणजे आरपार वारा, असतो. एकाच भूखंडावर हवेचे दोन भाव.

आपणही, वर्तमानपत्रांसह, गेली पंचवीस-तीस वर्षं पुनर्वसनाच्या घराच्या क्षेत्रफळाच्या एकाच आकड्यावर भांडतो आहोत. 225 चौरस फूट, मग 269, मग 300, धारावीत 350. घर मोठं मिळावं ही मागणी रास्तच आहे. पण अंधारात साडेतीनशे चौरस फूट मिळाले तरी जंतूला त्याचं काय?

खाण्याचं महत्त्व मी कमी लेखत नाही. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात रुग्णांच्या घरच्या माणसांना शिधा दिला, तर त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. क्षयरुग्णांना खाण्यासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची मदत महिना 500 रुपयांवरून 1000 झाली, तेही चांगलंच. पण हजार रुपयांची अंडी खाऊन माणूस परत त्याच खोलीत झोपणार असेल, तर एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, असंच चाललं आहे.

माझी मागणी नव्या योजनेची नाही. पुनर्वसनाच्या इमारतींना हवा-उजेडाच्या अटींत सवलत देणं बंद करावं. नकाशा मंजूर करताना सर्वांत खालच्या मजल्यावर किती तास ऊन पडतं याचा आलेख जोडणं सक्तीचं करावं. आज संगणकावर हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. महापालिकेच्या आरोग्य खात्याची सही त्यावर असावी, अग्निशमन दलाची असते तशी. उभ्या असलेल्या वसाहतींत निदान घरगल्ल्या रोज साफ झाल्या आणि जिन्यांच्या बंद भिंतींत जाळ्या बसल्या, तरी खिडक्या उघडतील.

आणि एक विनंती आपल्या वार्ताहरांना. पुढच्या भूमिपूजनाला गेल्यावर मंत्र्यांच्या भाषणासोबत नकाशाची प्रतही मागून घ्यावी, आणि दोन इमारतींमध्ये किती मीटर अंतर ठेवलं आहे ते बातमीत छापावं.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन,
वडाळा, मुंबई