जेशेलला बाहेरची लायब्ररी जोडून देणाऱ्या काकांना

वरच्या मजल्यावरच्या काकांना सप्रेम नमस्कार.

शाल-श्रीफळ तुम्हाला चालत नाही आणि मानधनाचं पाकीट तुम्ही न उघडताच परत केलंत. म्हणून हे जाहीर पत्र. सिन्नर, कळवण, मालेगावला छोट्या क्लासांत जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते त्यांच्याही हाती लागावं, असं मनापासून वाटतं.

जेशेल, म्हणजे जावाची एकेक ओळ लगेच चालवून बघायचं साधन, जावा ९ बरोबर सप्टेंबर २०१७ मध्ये आलं. ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर समोर. मेन मेथड आणि कंपाइल करणं आधी समजावत न बसता मुलांना थेट भाषेला हात घालता येतो. पण जावासोबत येतं त्याच्या बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, मागितली, की ‘पॅकेज डज नॉट एक्झिस्ट’ म्हणून ते गप्प बसतं. आमच्या बॅचमधला निफाडचा मुलगा लासलगाव बाजार समितीच्या कांदा-भावांची सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली) घेऊन आला होता. आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. दर ‘१,८५०’ अशा रूपात, अवतरणचिन्हांत. स्वल्पविरामावर ओळ तोडली की एकाच दराचे दोन तुकडे व्हायचे. अपाचे कॉमन्स सीएसव्ही ही लायब्ररी असले स्वल्पविराम बरोबर ओळखते, पण जार नावाच्या फाइलमध्ये बांधून येणारी ती लायब्ररी जेशेलमध्ये आणायची कशी, यावर गाडी अडली होती.

तुम्ही मुलांमध्येच खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, “जार फाइल कुठे ठेवलीय, ते याला कोणी सांगितलंय का?” ग्रूव्ही या जावाच्या भावंड भाषेत ग्रॅब लिहिलं की लायब्ररी नेटवरून आपोआप येते. जेशेल स्वतःहून काहीच उतरवून घेत नाही, त्याला फक्त क्लासपाथ, म्हणजे लायब्रऱ्या कुठे शोधायच्या त्या पत्त्यांची यादी, कळतो. सुरू करतानाच क्लास-पाथचा पर्याय देऊन जारचा पत्ता द्यायचा, नाहीतर आत गेल्यावर तिरकी रेघ देऊन एन्व्ह हा आदेश वापरायचा. त्यातला फरकही तुम्ही लगेच दाखवलात: एन्व्ह दिलं की जेशेल नव्याने उभं राहतं आणि आधी लिहिलेलं सगळं पुन्हा चालवून घेतं. फाइलमध्ये काही लिहिणारी ओळ असेल तर तीही पुन्हा चालते! म्हणून पत्ता सुरुवातीलाच दिलेला बरा.

इथवरचं एखाद्या पुस्तकातही सापडलं असतं. खरा आनंद पुढचा. इम्पोर्ट झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि फाइल वाचायला घेताच ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’. मुलं हिरमुसली. तुम्ही मात्र म्हणालात, “छान, आता हा दुसरंच काहीतरी सांगतोय.” पहिल्या संदेशाचा अर्थ, लायब्ररीच दिसत नाही. दुसऱ्याचा अर्थ, लायब्ररी मिळाली, पण ती जिच्यावर विसंबून आहे ती मिळाली नाही. कॉमन्स सीएसव्हीच्या नव्या आवृत्त्यांना कॉमन्स आयओ ही दुसरी लायब्ररी लागते, आणि ती जार आम्ही दिलेलीच नव्हती. जो क्लास (लायब्ररीतला कोडचा तुकडा) सापडला नाही त्याचं नाव संदेशातच छापलेलं असतं. ते तुम्ही मुलांकडून मोठ्याने वाचून घेतलंत. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये लाल अक्षरं दिसली की पोरं खिडकी बंद करत नाहीत, वाचायला लागतात. मला इतकी वर्षं शिकवून जे साधलं नव्हतं, ते तुमच्या त्या एका संध्याकाळीने साधलं.

जार एकेक शोधत बसू नये म्हणून तुम्ही मेव्हन या लायब्रऱ्या गोळा करून देणाऱ्या साधनाची युक्ती दिलीत. नेट असलेल्या एका मशीनवर त्याचा कॉपी-डिपेंडन्सीज हा आदेश चालवायचा, टार्गेटमधल्या डिपेंडन्सी फोल्डरमध्ये सगळा गोतावळा जमा होतो, तो पेनड्राइव्हने लॅबभर वाटायचा. आमच्यासारख्या, अर्ध्या मशीनवर नेट नसलेल्या क्लासला याचं किती मोल आहे, ते शब्दांत सांगता येणार नाही. एक गोष्ट इतरांसाठी मुद्दाम लिहिते: अनेक जार देताना विंडोजवर मध्ये अर्धविराम लागतो, लिनक्सवर अपूर्णविराम.

निफाडच्या त्या मुलाने लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांचे दर वेगळे काढले आणि प्रिंट घरी नेली. वडिलांनी ती ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवली आहे म्हणे. काका, हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही तुमची संध्याकाळ दिलीत, आणि एकाही पोराच्या हातातून कीबोर्ड घेतला नाहीत. तुमचे मनापासून आभार.

आणि एक हक्काची विनंती. जेडीबीसी ड्रायव्हरही (जावाला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) असाच क्लासपाथवर देऊन जेशेलमधून डेटाबेसशी बोलता येतं, असं तुम्ही जाता जाता म्हणाला होतात. पोरांनी ते बरोबर लक्षात ठेवलंय. शनिवारी संध्याकाळी लॅब उघडी आहे. काकूंनाही घेऊन या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची शिक्षिका
गंगापूर रोड, नाशिक