‘शल्की’ मुंबईतच राहावी

महोदय,

‘शल्की’ ही पाणबुडी निवृत्त झाल्यावर भंगारात न जाता मुंबईतच लोकांना पाहायला ठेवावी, यासाठी हे पत्र. गेल्या महिन्यात नातीला घेऊन विशाखापट्टणमला गेलो होतो. तिथे समुद्रकिनाऱ्यावर ‘आयएनएस कुरसुरा’ ही जुनी पाणबुडी 2002 पासून लोकांना पाहायला ठेवली आहे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दाराच्या कडेवर माझं डोकं आपटलं. चाळीस वर्षांपूर्वी याच जातीच्या, रशियन बनावटीच्या फॉक्सट्रॉट पाणबुडीवर ते रोजच आपटायचं. नात मात्र खिडकी शोधत होती. पाणबुडीला खिडकी नसते, हे काही तिला पटेना.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. नौदलात गेल्यावर आई शेजारणींना सांगायची, “बोटीवर असतो.” मग त्या हटकून म्हणायच्या, येताना सेंट घेऊन ये! आणि मी यायचो तो अंगाला डिझेलचा वास घेऊन. पुढे लग्न झाल्यावर बायको माझी बॅग घरात घेत नसे, थेट गॅलरीत.

पाणबुडी शाळा ‘आयएनएस सातवाहन’ विशाखापट्टणमलाच. पण खरी परीक्षा नंतर, पाणबुडीवर. प्रत्येक पाइप, प्रत्येक व्हॉल्व्ह कुठून कुठे जातो त्याची आकृती हाताने काढून दाखवायची आणि दिवे गेले तरी अंधारात चाचपून नेमका तोच व्हॉल्व्ह बंद करायचा. तेव्हा कुठे छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. अंघोळ विसरायची. रात्री पाण्याखाली राहूनच स्नॉर्केलची नळी वर काढून इंजिनं चालवायची, बॅटऱ्या भरायच्या. नळीवर लाट आली की तिची झडप बंद होते, इंजिन आतलीच हवा ओढतं आणि सगळ्यांचे कान दडपतात. सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, कान देऊन बसलं की कोळ्यांच्या ट्रॉलरची ठकठक ऐकू यायची. आम्हाला शत्रूइतकीच धास्ती त्यांच्या जाळ्यांची. वर माझ्याच गावचे लोक मासे धरतायत आणि खाली मी आहे हे त्यांच्या गावीही नाही, याची तेव्हा मोठी गंमत वाटे.

आता मुद्द्यावर येतो. ‘आयएनएस शल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. जर्मन आराखडा, पण बांधली आपल्या माझगाव डॉकने. 7 फेब्रुवारी 1992 रोजी ती नौदलात आली. त्या बांधणीच्या काळात काही महिने माझी नेमणूक गोदीत होती. लालबागचा एक वेल्डर मला म्हणाला, “साहेब, तुम्ही यात बसून खाली जाणार ना? मग या जोडाचा एक्स-रे परत काढायला सांगा, मला बरा वाटत नाही.” जोड त्याचाच होता. संकटात सगळ्या चाळीस जणांना घेऊन वर येईल असा एक पोलादी गोलही तिच्या पोटात आहे. तो पाहायला शाळकरी पोरं रांग लावतील.

मुंबईला पाणबुडी आठवते ती अपघातात. 14 ऑगस्ट 2013 रोजी ‘सिंधुरक्षक’वर स्फोट होऊन 18 जण गेले, तेव्हा आठवडाभर आमच्या सोसायटीत सगळे मला प्रश्न विचारत होते. नंतर कोणी नाही. ‘विक्रांत’ ही जुनी विमानवाहू नौका जपायची बरीच वर्षं चर्चा झाली आणि 2014 मध्ये दारूखान्याच्या जहाजतोडणी यार्डात तिचे तुकडे करायला घेतले. ती फार मोठी, खर्च फार, असं तेव्हा म्हणत. ‘शल्की’ची लांबी 64 मीटर, म्हणजे लोकलचे तीन डबे आणि वर थोडी. तेवढी जागा या शहरात सापडू नये?

ती आज ना उद्या निवृत्त होईल. मागणी तेव्हा नाही, आत्ताच व्हायला हवी. भंगाराची निविदा निघाल्यावर पत्रं लिहून काही होत नाही, हे ‘विक्रांत’च्या वेळी आपण पाहिलं. लोकांना आत फिरवायला माणूस लागेल. शनिवार-रविवार मी फुकट यायला तयार आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिडीवरून अजून उतरता येतं.

– एक निवृत्त पाणबुडी अधिकारी, मुलुंड (पूर्व)